लाल रेषा किती जाड असते? ‘शंभर वर्षांच्या पुरा’मागचा हिशोब

२००५, २०१९, २०२१. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला या वर्षांत काय झालं ते सांगावं लागत नाही. २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या पुढे गेली. तिथे धोका ४३ फुटांना सुरू होतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये माढा-मोहोळच्या पट्ट्यात, जिथून एरवी टँकरच्या बातम्या येतात, तिथे सीना नदीचं पाणी गावांत शिरलं.

दरवेळी पूर ओसरला की दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘शंभर वर्षांत असा पूर झाला नव्हता.’ दोन, ‘चला, आता शंभर वर्षं काळजी नाही.’ पहिलं वाक्य कधीकधी खरं असतं. दुसरं मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

हा नुसता बोलण्यातला घोळ असता तर सोडून दिला असता. पण महाराष्ट्रात नदीकाठी काय बांधायचं आणि काय नाही, हे याच हिशोबावर ठरतं. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही बाजूंना दोन पूररेषा आखतो. ढोबळ मानाने, सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी, आणि लाल रेषेच्या बाहेर पूर म्हणून काही अडवणूक नाही. म्हणजे एखाद्याचा प्लॉट लाल रेषेच्या दहा मीटर आत की दहा मीटर बाहेर, यावर त्याची आयुष्यभराची कमाई अवलंबून असते. ती रेषा आली कुठून, आणि तिच्यावर किती विसंबायचं, हे या लेखात बघू.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे नक्की काय?

त्याचा अर्थ एवढाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का. दरवर्षी नव्याने १ टक्का. नदी कॅलेंडर बघत नाही. यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

आता हेच गृहकर्जाच्या मुदतीत मांडून बघा. घर बरोबर लाल रेषेवर आहे आणि कर्ज २० वर्षांचं आहे. या २० वर्षांत एकदा तरी दारात पाणी येण्याची शक्यता १८ टक्के. मुदत ३० वर्षं धरली तर २६ टक्के. घर निळ्या रेषेवर असेल तर २० वर्षांत ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. हिशोब साधा आहे. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९ किंवा ०.९६, ती तितक्या वेळा स्वतःशी गुणायची आणि उत्तर १ मधून वजा करायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

दुसरी गोष्ट. ही शक्यता एका नदीवरच्या एका ठिकाणाची असते. एकमेकांशी संबंध नसलेली अशी १०० ठिकाणं घेतली, तर त्यांतल्या कुठे ना कुठे ‘शंभर वर्षांचा पूर’ सरासरी दरवर्षी एकदा येणारच. त्यामुळे दर पावसाळ्यात टीव्हीवर कुठल्या तरी जिल्ह्याचा विक्रम मोडलेला दिसतो, एवढ्यावरून हिशोब चुकला असं म्हणता येत नाही.

पण एकाच ठिकाणी २००५ ते २०२१ या १७ पावसाळ्यांत तीनदा शंभर वर्षांचा पूर? ती शक्यता साधारण १,७०० त एक इतकी कमी येते. त्याऐवजी ते २५ वर्षांचे पूर होते असं धरलं, तर ३ टक्क्यांच्या आसपास. यात थोडी लबाडी आहे हे खरं, कारण १७ वर्षांची ही खिडकी आपण पूर बघूनच निवडली. तरीही दोन आकड्यांमधला फरक बोलका आहे. अशा वेळी नशिबाला दोष देण्याआधी ‘शंभर वर्षांचा’ हे लेबल तपासायला हवं.

लेबल कसं लावतात?

पद्धत अशी. नदीवरच्या एका मोजणी केंद्रावर दरवर्षीचा सगळ्यात मोठा विसर्ग घ्यायचा. ४० वर्षांच्या नोंदी असतील तर ४० आकडे. या आकड्यांवर एक संभाव्यतेचा वक्र बसवायचा आणि तो १ टक्क्याच्या बिंदूपर्यंत पुढे ताणायचा. वक्र कुठला, यावर वेगवेगळ्या देशांची वेगवेगळी पसंती आहे. अमेरिकेच्या संघीय मार्गदर्शिकेत ‘लॉग-पिअर्सन टाइप ३’ आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत पहिला शिकवतात तो गम्बेलचा. एमिल गम्बेल या गणितज्ञाने १९४१ मध्ये पुरांच्या रिटर्न पिरियडवर जो निबंध लिहिला, तिथून तो जलशास्त्रात रुजला.

मशीन लर्निंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग डेटाच्या ओळी ४०, आणि प्रश्न विचारतोय त्या डेटाच्या पलीकडचा. सॉफ्टवेअरमध्ये असं मॉडेल कोणी रिव्ह्यूला आणलं तर पहिला प्रश्न येईल, ‘एरर किती?’ पूररेषेला तो प्रश्न आपण विचारत नाही. म्हणून इथे विचारून बघू.

एक काल्पनिक नदी घ्या. तिचा वार्षिक कमाल विसर्ग सरासरी १,००० घनमीटर प्रतिसेकंद, प्रमाण विचलन ४००, आणि ती अगदी शहाण्यासारखी गम्बेलचा नियम पाळते. मग तिचा २५ वर्षांचा खरा पूर येतो सुमारे १,८२० आणि १०० वर्षांचा सुमारे २,२५५. पण आपल्या हातात फक्त ४० वर्षांच्या नोंदी आहेत. अशा नोंदी हजार वेळा नव्याने मिळाल्या असत्या, तर साधारण नऊशे वेळा आपलं १०० वर्षांच्या पुराचं उत्तर १,८५० ते २,६६० च्या मध्ये कुठेतरी आलं असतं. आणि २५ वर्षांच्या पुराचं उत्तर १,५२५ ते २,११० च्या मध्ये.

हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात, हे लक्षात आलं का? एका चाळीस वर्षांच्या नोंदीतून आखलेली लाल रेषा, दुसऱ्या चाळीस वर्षांच्या नोंदीतून आखलेल्या निळ्या रेषेच्या आत पडू शकते. नदी तीच, पद्धत तीच. नकाशावर मात्र दोन बारीक, स्वच्छ, ठाम रेषा दिसतात. नोंदी ८० वर्षांच्या केल्या तरी १०० वर्षांच्या पुराचा पट्टा १,९६५ ते २,५४५ एवढा राहतो. आणि नदीने गम्बेलचा नियम पाळलाच पाहिजे असं कुठे आहे? वक्राची निवड चुकली तर आणखी फरक पडतो.

एक मोठा पूर आला की काय होतं?

याच काल्पनिक नदीवर ४१ व्या वर्षी ३,००० चा पूर आला असं समजा. जुन्या हिशोबाने हा १,००० वर्षांतून एकदाचा पूर. बातमीत तसंच येईल. आता हा आकडा यादीत घालून हिशोब पुन्हा करा. १०० वर्षांचा पूर २,२५५ वरून एकदम २,६३० च्या आसपास जातो. आणि जो पूर काल हजार वर्षांचा होता, तो आज २५० वर्षांचा ठरतो. नदीत काहीच बदललं नाही, फक्त आपल्या यादीत एक ओळ वाढली.

म्हणून ‘हा पूर किती वर्षांचा होता’ या प्रश्नाला एकाच केंद्राच्या नोंदीतून दिलेलं उत्तर मला नेहमी कच्चं वाटतं.

शेजारच्या नद्यांकडून उसनवारी

यावर जलशास्त्राने शोधलेला उपाय सुंदर आहे. एका नदीकडे ४० वर्षांच्याच नोंदी असतील, तर सारख्या स्वभावाच्या दहा नद्या एकत्र बघायच्या. वेळ वाढवता येत नाही, म्हणून जागा वाढवायची. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागातल्या टेट डॅलरिंपल यांनी १९६० मध्ये मांडलेली ‘इंडेक्स फ्लड’ पद्धत हेच करते.

कोयना आणि एखादा गावओढा यांचे विसर्ग सरळ एका यादीत घालता येत नाहीत. म्हणून प्रत्येक केंद्राचे आकडे त्या केंद्राच्या सरासरी पुराने भागायचे. आता सगळे आकडे ‘सरासरीच्या किती पट’ या एकाच मापात आले. दहा केंद्रांची ३०-३० वर्षं मिळून ३०० आकडे झाले. त्यावर एकच वक्र बसवायचा. समजा त्यातून निघालं, की या भागात १०० वर्षांचा पूर सरासरीच्या २.२५ पट असतो. मग ज्या ओढ्यावर मोजणी केंद्रच नाही, त्याचा सरासरी पूर पाणलोट क्षेत्र, पाऊस आणि उतार यांवरून अंदाजायचा. तो ४०० निघाला तर १०० वर्षांचा पूर ९००. राज्यातले बहुतेक ओढे-नाले आणि लहान उपनद्या यांच्यासाठी असाच काहीतरी मार्ग काढावा लागतो.

पुढची मोठी सुधारणा हॉस्किंग यांच्या १९९० च्या कामातून आली. नेहमीच्या पद्धतीत सरासरीपासूनच्या फरकाचा वर्ग आणि घन करतात, त्यामुळे एक राक्षसी पूर सगळा हिशोब स्वतःकडे ओढतो. वर आपण तेच पाहिलं. हॉस्किंग यांचे ‘एल-मोमेंट्स’ आकडे चढत्या क्रमाने लावून त्यांची साधी बेरीज-वजाबाकी करतात, वर्ग-घन नाहीत. उत्तर जास्त स्थिर येतं. १९९७ मध्ये हॉस्किंग आणि वॉलिस यांनी यावर पुस्तकच लिहिलं, आणि त्यात एक फार कामाची चाचणी दिली. आपण एकत्र केलेल्या नद्या खरंच सारख्या स्वभावाच्या आहेत का, याला ती ‘एच’ नावाचा एक आकडा देते. १ पेक्षा कमी असेल तर ठीक, २ च्या वर गेला तर गट चुकलाय.

शेजारी कोण, हे कोण ठरवणार?

खरा पेच इथे आहे. उसनवारीचा फायदा शेजारी सारखा असेल तरच. कोरड्या भागातल्या नदीचा वक्र घाटातल्या नदीला लावला, तर जास्त आकडे वापरून जास्त ठामपणे चुकीचं उत्तर मिळतं.

भारतात केंद्रीय जल आयोग, हवामान खातं, रेल्वेची संशोधन संस्था आणि रस्ते मंत्रालय यांनी मिळून देशाचे ७ विभाग आणि २६ उपविभाग केले, आणि प्रत्येक उपविभागासाठी पुराचा अंदाज काढायचे अहवाल तयार केले. मुख्यतः लहान-मध्यम पाणलोटांवरचे पूल आणि मोऱ्या डोळ्यांसमोर ठेवून. काम मोठं आणि उपयोगाचं आहे. पण या विभागणीत कृष्णा आणि पेन्नार ही दोन खोरी मिळून एकच उपविभाग आहे. एका टोकाला महाबळेश्वर, जिथे वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि २२-२३ जुलै २०२१ ला २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पडला. दुसरीकडे सोलापूर आणि पुढे रायलसीमा, जिथे महाबळेश्वरचा तो एक दिवस म्हणजे जवळपास वर्षाचा पाऊस.

कोयना आणि पंचगंगेचा पूर म्हणजे घाटावर दिवसेंदिवस चाललेली झड. सीनेचा पूर म्हणजे परतीच्या पावसाच्या सुमाराला पठारावर अडकलेला एखादा कमी दाबाचा पट्टा. घाटातल्या नदीला दरवर्षी बऱ्यापैकी पूर येतोच, म्हणून तिचा १०० वर्षांचा पूर सरासरीच्या फार पट नसतो. कोरड्या भागातल्या नदीची बरीच वर्षं जेमतेम पाण्यात जातात, आणि एखाद्या वर्षी ती सरासरीच्या कित्येक पट घेऊन येते. सीनेचा पूर सगळ्यांना अनपेक्षित वाटला, त्यात या स्वभावाचाही वाटा आहे. दुष्काळी भाग म्हणून पूर लहान, असं गणित मुळीच नसतं.

नकाशावर सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, म्हणून सीना कृष्णा खोऱ्यातली. बालाघाटातून निघणारी मांजरा गोदावरी खोऱ्यातली. पण पाऊस कधी पडतो, किती पडतो आणि जमीन कशी आहे हे पाहिलं, तर माझ्या मते सीनेची खरी बहीण मांजरा आहे, कोयना नव्हे. ब्रिटनने १९९९ च्या पूर-मार्गदर्शिकेत ठरीव सीमा सोडून, प्रत्येक ठिकाणासाठी त्याच्यासारखी ठिकाणं वेगळी निवडायची पद्धत स्वीकारली. ‘तुमच्यासारख्या ग्राहकांनी हेही घेतलं’ सारखंच आहे ते. आपल्याकडे सीना-मांजरा जोडी हे माझं अनुमान आहे, पण ते एल-मोमेंट्सच्या चाचणीने एका दुपारात तपासता येतं.

आणखी एक सावधगिरी. शेजारच्या दहा नद्यांची ३०० वर्षं ही खरी ३०० नसतात. २०१९ मध्ये एकाच पावसाने कृष्णा, वारणा आणि पंचगंगा तिघी फुगल्या. ती तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत, एकच साक्ष तीनदा मोजलेली. हे विसरलं की पट्टा खोटा बारीक दिसतो.

धरणं आणि बदलतं हवामान

या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. जुनी वर्षं आणि पुढची वर्षं एकाच पोत्यातली आहेत, हे ते गृहीतक. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मिली आणि सहकाऱ्यांनी हे गृहीतक आता मेलं आहे असं स्पष्ट लिहिलं.

आपल्याकडे ते दोन बाजूंनी मोडतं. एक, धरणं. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, साठवण सुमारे १०५ टीएमसी. त्याआधीची कृष्णा आणि नंतरची कृष्णा या पुरांच्या दृष्टीने दोन नद्या आहेत. शिवाय धरण जूनमध्ये रिकामं असताना पूर गिळतं, आणि ऑगस्टमध्ये भरलेलं असताना आलेलं जवळपास सगळं पुढे सोडावं लागतं. त्यामुळे लहान-मध्यम पूर कमी होतात, मोठे तसेच राहतात. गम्बेलच्या गुळगुळीत वक्राला हा अचानक आलेला वाकडेपणा दिसत नाही. लहान पुरांवरून तो मोठ्यांचा अंदाज बांधतो आणि कमी बांधतो. दोन, पाऊस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

आणि शेवटी विसर्गावरून पातळी काढावी लागते, तिथे तिसरा धक्का आहे. नदी तेवढंच पाणी आणते, पण भराव, पूल आणि गाळ यांमुळे ते जास्त उंच चढतं. पुण्यात मुठेची निळी रेषा ६०,००० क्युसेकला धरलेली आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५,००० क्युसेकच्या आसपास असताना सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी होतं. त्याला खालच्या ओढ्यांचं पाणीही कारण असेल, पात्रातले अडथळेही. सांगलीत अलमट्टीवरून होणारा वादही याच प्रकारातला आहे. पूर किती वेळा येणार हा एक प्रश्न, आलेलं पाणी किती चढणार हा दुसरा. दोन्ही मिसळले की भांडण होतं, उत्तर मिळत नाही.

मग काय करता येईल?

पहिलं म्हणजे रेषेबरोबर तिची जाडी छापा. प्रत्येक पूररेषेच्या नकाशावर चार गोष्टी हव्यात: किती वर्षांच्या नोंदी, शेवटचं वर्ष कुठलं, पद्धत कुठली, आणि पट्टा किती रुंद. २००५ च्या आधीच्या नोंदींवर आखलेली रेषा आणि २०२१ पर्यंतच्या नोंदींवर आखलेली रेषा यांत किती फरक पडतो हे वर आपण पाहिलंच. शाळा, दवाखाने, वीज उपकेंद्रं यांच्यासाठी पट्ट्याची मधली किनार न धरता बाहेरची धरावी.

दुसरं, जुन्या खुणा जमवा. अमेरिकेच्या नव्या मार्गदर्शिकेत मोजणी सुरू होण्याआधीच्या पुरांचीही हिशोबात जागा आहे. ‘अमुक वर्षी पाणी या पायरीच्या वर गेलं’ एवढी माहितीसुद्धा चालते. पुणे विद्यापीठातले विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या काठांवर जुन्या पुरांनी सोडलेला गाळ वाचून शेकडो वर्षांमागचे पूर शोधले. आपल्याकडे नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो. दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. भाविकांसाठी ते पवित्र स्नान आहे. आकडेवारीच्या दृष्टीने ती ‘पाणी या पातळीवर पोचलं’ अशी नेमकी नोंद आहे. कुणाकडे त्याच्या जुन्या तारखा लिहिलेल्या असतील तर तो खजिना आहे.

तिसरं, वार्षिक कमाल विसर्गाच्या याद्या साध्या स्प्रेडशीटमध्ये उघड्या करा. कृष्णा-गोदावरीचे आकडे गंगा-ब्रह्मपुत्रेसारखे गोपनीय वर्गात नाहीत. केंद्राचं इंडिया-डब्ल्यूआरआयएस पोर्टल आहेच. राज्याच्या केंद्रांचे आकडेही तिथल्यासारखे मिळाले, तर हे हिशोब महाविद्यालयातली मुलंसुद्धा तपासू शकतील.

आणि तुम्ही नदीकाठी घर घेत असाल, तर बिल्डर ‘लाल रेषेच्या बाहेर आहे’ म्हणाला की तिथे थांबू नका. रेषा कुठल्या वर्षीची आहे, आणि २०१९ किंवा २०२१ ला किंवा तुमच्या भागातल्या शेवटच्या मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर बहुतेक दिसेल. पाण्याची खूण रेषेच्या बाहेर असेल, तर खुणेवर विश्वास ठेवा.